दोन खुर्च्यांची खोली

७ जुलै

यूट्रिस,

हे पत्र पोस्टात टाकत नाहीये. पोस्टातल्या जनीताला अख्ख्या बेटाची पत्रं तोंडपाठ असतात, आणि सध्या आपल्या दोघींच्या नावाचं पाकीट तिच्या हाती लागलं तर ती ते किटलीच्या वाफेवर धरल्याशिवाय राहायची नाही. म्हणून ऑलिव्हेच्या बसमध्ये देतेय, पावाच्या पिशवीत, अगदी तळाशी. पिशवी आमच्या मावशीच्याच, टांटी मेलानीच्याच हातात द्यायची असं त्याला बजावलंय. वाचलंस की चुलीत घाल.

तुला बांधकाम खात्याने घरी बसवलं हे मला ऑफिसात कळलं, आणि तू टांटीकडे उत्तरेला निघून गेलीस हे शेजारणीकडून. सख्ख्या बहिणीला शेजारीण बातमी देते, आणि बहीण एकतीस वर्षं पेपरात आहे. हसले मी. मग दार लावून घेतलं.

तू रागावली आहेस ते ठीकच आहे. पण बातमी खोटी होती असं तूही म्हणणार नाहीस. आन्स ग्रीच्या शाळेचं छप्पर नुसतं भिंतींवर ठेवलेलं आहे, त्यात एक बोल्ट नाही, असं खात्याच्याच इंजिनिअरने मार्चमध्ये लिहून दिलं होतं. तो अहवाल ड्रॉवरमध्ये गेला आणि शाळेच्या दारावर ‘वादळात इथे आसरा घ्या’ ही पाटी तशीच राहिली. तीनशे माणसं दर वादळाला तिथे जाऊन बसतात. मी छापलं नसतं तर कुणी छापलं असतं?

माझं चुकलं ते एका ओळीत. गेल्या वर्षी बार्बाडोसला शिबिराला गेले होते, आठवतं? तिथे लंडनहून आलेला एक लालबुंद गृहस्थ आम्हाला शिकवत होता. ‘सोर्सने सांगितलं’ असं मोघम लिहू नका म्हणाला. सोर्स कुठे बसतो, काय बघतो, हे वाचकाला कळू द्या, तरच वाचक विश्वास ठेवतो. मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. आणि जूनमध्ये बातमीत लिहिलं की अहवालाची प्रत ‘खात्याच्या रेकॉर्ड रूममधल्या एका सोर्सने’ दाखवली. आमचे संपादक पेल्टियर म्हणाले, वा, आता कशी भक्कम झाली. मीही खूश.

त्या गृहस्थाच्या गावी एकेका खात्यात चार चार हजार माणसं असतील. आपल्या रेकॉर्ड रूममध्ये खुर्च्या दोन. एकीवर तू. दुसरीवर कोण बसतं ते तुला माहीत आहे आणि मी लिहिणार नाही. मूर्ख बाई मी. तुझं जेवणखाण नीट चालू दे. टांटीला पायाला लावायचं तेल पाठवलंय.

कासिल्डा

१९ जुलै

यूट्रिस,

तुझी चिठ्ठी पोचली. आठ ओळी, त्यातल्या सहा टांटीच्या पायाबद्दल. उरलेल्या दोन मी इतक्यांदा वाचल्या की घडीवर कागद फाटला. ‘मी दिलं नाही हे मला माहीत आहे, म्हणजे कुणी दिलं हेही मला माहीत आहे. ते नाव मी घेणार नाही, तूही घेऊ नकोस, फक्त यूट्रिस नव्हती एवढं छाप.’

बाई गं, तेवढंच तर करता येत नाही.

तू शांतपणे विचार कर. खोलीत दोन खुर्च्या. मी एका खुर्चीकडे बोट दाखवून ‘ही नव्हे’ म्हटलं, की दुसरीकडे अख्खं बेट आपोआप बघतं. नाव घ्यायचीसुद्धा गरज नाही. संध्याकाळच्या आत दुकानादुकानांत नाव पोचेल, आणि सोमवारी त्या माणसाच्या टेबलावर घरी बसायचा कागद पडेल. त्याच्या पेन्शनला सात महिने राहिलेत. बायको त्याचा हात धरून चालते, कारण तिला दिसत नाही. हे मी तुला काय सांगणार? एकोणीस वर्षं तू त्याच्या शेजारी बसून डबा खाल्लास.

आणि मी शब्द दिलाय. कागद हातात घेताना दिला. ‘मी असेपर्यंत तुमचं नाव बाहेर येणार नाही,’ असं म्हटलं होतं.

तू म्हणशील, आणि माझी सव्वीस वर्षं? तुझी पेन्शन मला दिसत नाही असं समजू नकोस. गुप्तता मोडली म्हणून बडतर्फ केलं तर तुला छदाम मिळणार नाही, हे पेल्टियरच्या वकिलाने मला नीट समजावून सांगितलंय. तो वकील ‘सोर्स’ हा शब्द उच्चारतो तेव्हा कपाळाला हात लावतो. त्याच्या लेखी सोर्स म्हणजे कोर्टात कुठून दगड येईल ती जागा. पेल्टियरच्या लेखी सोर्स म्हणजे अंडी देणारी कोंबडी, दुसऱ्याच्या आवारात जाऊ द्यायची नाही. मी या दोघांमध्ये बसून टाइप करते.

बाजारात परवा टांटीची मैत्रीण भेटली. ती म्हणे, टांटी सगळ्यांना विचारत फिरतेय, ‘हा सोर्स कुणाचा कोण? कुठल्या गावचा? लग्न झालंय का त्याचं?’ आपल्या जुन्या बोलीत ‘सोर्स’ म्हणजे झरा, तिला तेवढंच ठाऊक, झरा कधी बोलतो का म्हणून ती चक्रावली आहे. तू तिला काय सांगतेस?

कासी

११ ऑगस्ट

यूट्रिस,

चौकशी समितीपुढे माझा दिवस झाला. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बसवलेत, खोकल्याच्या गोळ्या चघळत असतात. त्यांच्या तोंडी ‘सोर्स’ म्हणजे सरळ चोर. गोळी गालात सरकवून ते म्हणाले, “मिस लाँडी, तो सोर्स म्हणजे तुमची बहीण का?”

मी म्हटलं, उत्तर देणार नाही.

मग रेकॉर्ड रूममधला दुसरा कर्मचारी का? उत्तर देणार नाही. मग फाइली पोचवणारा शिपाई? उत्तर देणार नाही. इंजिनिअर स्वतः? तेच. वकिलाने मला पढवलंच होतं, एकालाही ‘नाही’ म्हणायचं नाही, कारण एक ‘नाही’ गेला की बाकीचे उघडे पडतात. शेवटी म्हातारबुवा वैतागून म्हणाले, “मग काय मी आहे?” तरी मी म्हटलं, उत्तर देणार नाही. लोक हसले. मीही हसले असते, पण समोर तू बसली होतीस.

मला माहीत नव्हतं तू येणार आहेस. निळा चर्चचा ड्रेस घातला होतास, हातात पर्स घट्ट धरली होतीस. तुझ्याबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. एक शब्द हवा होता तुला. मी टेबलाकडे बघत राहिले. त्या टेबलावर कुणीतरी पेनाने फुली मारलेली आहे, चारदा गिरवलेली. ती अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

बाहेर येईपर्यंत तू ऑलिव्हेच्या बसमध्ये चढली होतीस. मी हाक मारली. तुला ऐकू आली होती.

दुसरी खुर्चीही आली होती, मागच्या रांगेत, टोपी गुडघ्यावर. तिला पाच मिनिटांत सोडलं. सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय ना. पेपरवालीची बहीण असताना दुसरं कोण असणार? मी जन्मले नसते तर तू आज सुखात फाइली लावत बसली असतीस.

कासी

६ सप्टेंबर

यूट्रिस,

तुम्ही दोघी ठीक आहात हे ऑलिव्हेने काल सांगितलं. वादळात टांटीच्या स्वयंपाकघराचे पत्रे गेले तेवढंच, बाकी घर उभं आहे. तीन दिवस रस्ता बंद होता, मी तीन दिवस काही खाल्लं नाही असं नाही, पण काय खाल्लं ते आठवत नाही.

काल फोटोग्राफरला घेऊन आन्स ग्रीला गेले. चिखलातून शेवटचे दोन मैल पायी. शाळेच्या चारही भिंती उभ्या आहेत आणि वर आभाळ. छप्पर अख्खंच्या अख्खं उचललं गेलं आणि खाली समुद्रात पडलं, अजून एक कोपरा पाण्यावर दिसतो. आत बाकांचा चुरा झालाय. गावातली माणसं या वेळी वरच्या चर्चमध्ये होती. आपली बातमी आल्यावर सरकारने आरडाओरडा केला आणि मग जुलैच्या शेवटी गुपचूप येऊन दारावरची पाटी काढून नेली होती.

तीनशे दहा माणसं. मी मोजायला लावली. एकालाही खरचटलेलं नाही.

एक बाई भिंतीला टेकून उभी होती, कडेवर नातवंड. मला म्हणाली, तो कागद ज्याने बाहेर काढला त्याचं नाव मला सांगा, मी रोज मेणबत्ती लावीन. मी म्हटलं, सांगता येत नाही. ती म्हणाली, “शत्रूचं नाव लपवतात बाई. याचं कशाला लपवायचं?” मी तिला छायाचित्रासाठी जरा डावीकडे सरकायला सांगितलं.

समितीला मात्र छपराशी देणंघेणं नाही. वादळामुळे काम पंधरा दिवस लांबलं, एवढंच. निकाल या महिनाअखेरीला आहे.

कासी

१५ सप्टेंबर

यूट्रिस,

ही गोष्ट मला तुला सांगायची नव्हती. मागच्या पत्रात मी तिला वळसा घालून गेले. काल चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकले आणि उठताच येईना, तेव्हा वाटलं की लिहून टाकावं.

समितीपुढचा तो दिवस झाला, त्याच्या दुसऱ्या रविवारी दुसरी खुर्ची माझ्या दारात आली. भर दुपारी, टोपी हातात. बायको खाली गल्लीत भिंतीला हात लावून उभी होती, वर आली नाही. मी कोकोचा चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाले. उभ्यानेच बोलले.

म्हणाले, “मिस यूट्रिसच्या जागेकडे मला बघवत नाही. तुम्ही सांगा, मी उद्या जाऊन कबूल करतो. तुम्ही म्हणाल तसं.”

ऐकलंस? दार उघडं होतं. मी तोंडातून फक्त ‘जा’ काढायचं होतं. सोमवारी तू तुझ्या खुर्चीवर परत असतीस.

मी म्हटलं, घरी जा, आणि पुन्हा इथे येऊ नका, लोक बघतात.

ते गेले. मी स्वतःला सांगितलं की त्या आंधळ्या बाईसाठी केलं. महिनाभर तेच सांगतेय. पण तुझ्याशी खोटं बोलून आता काय मिळवायचंय? एकतीस वर्षांत माझ्याकडून कुणाला एक नाव काढता आलेलं नाही. पोलिसांना नाही, मंत्र्याला नाही. कुणाच्याही मयतीला चार पेपरवाले जमले की मी हे सांगते, आणि तरुण मुली माझ्याकडे डोळे मोठे करून बघतात. माझ्याकडे दुसरं काय आहे? नवरा नाही, घर भाड्याचं. हे एक आहे. आणि माझ्या सोर्सने माझ्या डोळ्यांदेखत समितीपुढे जाऊन उभं राहायचं, म्हणजे ते एकही गेलं असतं. पुढे कुणी कागद घेऊन माझ्या दारात आलं नसतं. मी तुझी सव्वीस वर्षं आणि माझी एकतीस शेजारी शेजारी ठेवली आणि माझी उचलली.

ते स्वतःहून यायला तयार होते. शब्द माझा मोडला नसता. हे मला त्याच दिवशी कळत होतं.

आता मी त्यांना परत बोलावू का? तू ‘हो’ म्हणालीस तर आज जाते. तुझ्या हातात देतेय. हाही भित्रेपणाच, मला माहीत आहे. पण ऑलिव्हे उद्या परत येताना एक शब्द पाठव.

कासी

२६ सप्टेंबर

यूट्रिस,

उद्या नाही, दहा दिवसांनी ऑलिव्हे पिशवी घेऊन आला. वर अळकुड्या, खाली चिठ्ठी. आधी अळकुड्या धुऊन ठेवल्या.

‘कासी, काल टाउनला येऊन गेले, तुला भेटले नाही. समितीला सांगितलं की कागद मीच दिला. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही, वाटच बघत होते. त्या दोघांना म्हातारपणी रस्त्यावर आणून मला माझ्या खुर्चीत बसायचं नाही. टांटीचं रान आहे, मला दोन हात आहेत. आता तू गप्प बस. ते तुला जमतं.’

यूट्रिस, तू हे काय केलंस गं?

त्याच दुपारी समितीने पत्रक काढलं आणि पेल्टियरने ते माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, तूच लिही, दुसऱ्याला दिलं तर लोक म्हणतील लपवतोय. मी एकतीस वर्षांत जाणूनबुजून खोटी ओळ लिहिलेली नाही. आणि समोर कागद, त्यावर तुझं नाव, आणि नावापुढे ‘सोर्स’. खोटं आहे म्हणून सांगायची सोय नाही. लिहीत नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागेल. मी पत्रक समोर धरून टाइप केलं, ‘समितीने म्हटलं आहे’, ‘समितीच्या मते’, प्रत्येक वाक्याच्या आधी समिती. पेल्टियरने वाचलं आणि चष्मा काढला.

आमच्याकडे नियम आहे, बातमीत ज्याचं नाव येतं त्याला एकदा विचारायचं आणि काय म्हणाला ते शेवटी छापायचं. माझंही नाव होतं. पेल्टियर स्वतःच्या टेबलामागे जाऊन बसले, वही उघडली आणि सगळ्यांसमोर, जणू मी बाहेरून आलेय, मला विचारलं, “मिस लाँडी, यूट्रिस लाँडी यांनी तुम्हाला कागद दिला हे खरं आहे?”

मी म्हटलं, उत्तर देणार नाही. मला वाटतं त्यांना सगळं कळलं. म्हणजे सोर्स कोण ते नव्हे, पण तू नाहीस एवढं. त्यांनी वही तशीच धरून ठेवली.

उद्याच्या अंकात शेवटची ओळ वाचशील: ‘बातमी देणाऱ्या वार्ताहर मिस कासिल्डा लाँडी यांनी याबाबत बोलण्यास नकार दिला.’ ती मीच टाइप केली.

कासी

३ नोव्हेंबर

यूट्रिस,

कालच तुझ्याकडून आले आणि आज पुन्हा लिहायला बसले. टांटी म्हणेल, दोन दिवस तोंडं शिवून बसल्या होत्या आणि आता कागद नासतेय. तसंच आहे.

सर्व संतांच्या दिवशी आईच्या थडग्यावर मेणबत्त्या लावायला तरी येऊ दे, म्हणून मी न विचारता आले. तू मला आत घेतलंस, रंगाचा डबा हातात दिलास आणि थडग्याच्या कुंपणाचा एक भाग रंगवायला सांगितलंस. बरं केलंस. बोलायला लावलं असतंस तर मी परत फिरले असते.

मग ते ट्रक आले. आन्स ग्रीची माणसं एवढ्या लांब येतील असं मला वाटलं नव्हतं. नीरफणस, धुरावलेले मासे, केळ्यांचा अख्खा घड, कुणीतरी जिवंत कोंबडी. स्मशानात तुझ्याभोवती रांग लागली. ‘मिस सोर्स’ म्हणत होते तुला, चर्चमधल्या एखाद्या संताचं नाव घ्यावं तसं. ती नातवंडवाली बाई तुझ्या हातांचे मुके घेत होती आणि तू दगडासारखी उभी. तुझा चेहरा मला लांबून दिसत होता. शिव्या खाताना तू इतकी पांढरी पडली नव्हतीस. जे केलं नाही त्याचे आभार तीनशे दहा माणसांकडून घ्यायचे, आणि ‘मी नव्हे’ म्हणायची सोय नाही.

फाटकापाशी कोण उभं होतं ते तूही पाहिलंस. दुसऱ्या खुर्चीने टोपी काढली. आत आले नाहीत. त्यांच्या बायकोने त्यांना काहीतरी विचारलं, बहुतेक ‘दिसतेय का ती?’ असं. ते ‘हो’ म्हणाले असावेत. तू मान हलवलीस, अगदी एवढीशी. मग ते दोघं उतारावरून खाली गेले.

संध्याकाळी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलताना तू पहिल्यांदा बोललीस. समुद्रापलीकडे ग्वादलूप बेटावर दिवे लागत होते. मान वर न करता म्हणालीस, “कासी, तुला हे एकतीस वर्षं रोज असतं?”

मी विचारलं, काय?

“माहीत असलेलं गिळून माणसांत बसणं.”

मी म्हटलं, असतं.

तू शेंग हातात तशीच धरून म्हणालीस, “मग तुला अन्न कसं जातं?”

तेवढ्यात टांटी आली, दिवा लावला, कोंबडीचं काय करायचं ते विचारत बसली. काल सकाळी बसमध्ये ऑलिव्हे बडबडत होता आणि मी सारखी तेच मनात घोळवत होते. म्हणून लिहितेय. अन्न जात नाही, यूट्रिस. मी उभ्याने खाते, ओट्याशी, भांड्यातूनच. ताट वाढून घेऊन बसलं की समोरची रिकामी जागा काहीतरी विचारेल असं वाटतं. कुणाजवळ बोलायचं नाही हे इतकं अंगवळणी पडलं की कुणी जवळ नको असंच झालं. मी ते मोठेपणाचं लक्षण समजत होते.

आता ही गोष्ट माहीत असलेली दुसरी कुणी आहे, आणि तीही कुणाला सांगू शकत नाही. ती तूच असावीस याची मला लाज वाटते आणि बरंही वाटतं. दोन्ही खरं आहे. तुझी सव्वीस वर्षं मी परत देऊ शकत नाही, आणि माफ कर म्हणायला मला तोंड नाही, म्हणून म्हणत नाही.

येत्या रविवारी पहिल्या बसने येतेय. कुंपणाची मागची बाजू राहिली आहे. कुणी आलं, ‘मिस सोर्स’ म्हणालं, तर आपण दोघी गप्प बसू. माझं पान तुझ्यासमोर वाढ, मी बसून जेवीन.

हे पत्रही चुलीत घाल. त्या लोकांनी आणलेले नीरफणस संपले नसतील, तर एक त्याच जाळावर भाजायला ठेव.

तुझी कासी